ब्रोकन हिल : शिल्पांच्या आधीचं कुंपण

आज आपल्याला ऑस्ट्रेलियात जायचं आहे, न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिमेला, ब्रोकन हिल या खाणींच्या गावी. गावाबाहेर सनडाउन हिल नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर वालुकाश्माची बारा शिल्पं उभी आहेत. १९९३ साली लॉरेन्स बेक यांच्या पुढाकाराने देशोदेशीचे शिल्पकार इथे जमले. दगड जवळपास दोनशे किलोमीटरवरून, मॅकुलॉक डोंगररांगेतून आणला. मेक्सिकोच्या अंतोनियो नावा तिरादो यांचं जग्वारचं शिल्प इथे आहे, बार्किंजी कलावंत बॅजर बेट्स यांचा इंद्रधनुषी सर्पही आहे. संध्याकाळी लोक येतात, फोटो काढतात आणि परततात. या परिसराचं नाव 'जिवंत वाळवंट'. ऐकून वाटतं, हे पहिल्यापासून असंच असणार.

आम्हाला तसं वाटत नाही, म्हणून जरा मागे जाऊ.

१८८३ मध्ये इथे चांदी-शिशाचा साठा सापडला. ही भूमी विल्याकाली लोकांची; त्यांना कोणी विचारलं नाही, हे इथेच सांगून ठेवतो. भट्ट्यांना जळण हवं, खाणीत छताला टेकू हवेत, म्हणून गावाभोवतीची झाडं तुटली. उरलेली झुडपं मेंढ्या-बकऱ्यांनी खाल्ली, नवे कोंब सशांनी. मग काय, वारा सुटला की वाळू थेट घरात.

आल्बर्ट मॉरिस हे खाणीत धातूची पारख करणारे गृहस्थ. वनस्पतींचा नाद मात्र जबर, आणि त्यात पत्नी मार्गारेट बरोबरीच्या. (इतिहासात त्यांचं नाव बहुधा नवऱ्याच्या मागून येतं.) मॉरिसचं म्हणणं साधं होतं : आधी गुरं आणि ससे बाहेर ठेवा. जमिनीत बी आहे, पाऊस पडला की आपसूक उगवेल. १९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशन या खाण कंपनीने जमिनीला कुंपण घातलं. आत काही झाडं लावली खरी, पण भोवतालचं गवत, सॉल्टबुशसारखी झुडपं आपोआप उठली. ते पाहून इतर कंपन्याही पुढे आल्या. ज्या उद्योगाने माळ उजाड केला त्यानेच कुंपणाला पैसा दिला, हे काहींना खटकतं. खटकावंच. मॉरिस जानेवारी १९३९ मध्ये वारले. गावाभोवतीचं हिरवं कडं पुरं व्हायला १९५८ उजाडलं.

सनडाउन हिल त्या कड्यात येत नाही, थोडी लांब आहे. पण पद्धत तीच. सुमारे २४०० हेक्टरच्या या राखीव भागात १८० हेक्टरांचं अभयारण्य आहे आणि त्याला विजेचं कुंपण आहे. तिथे गेलात तर शिल्पांकडे चढण्याआधी पायाखालची झुडपं बघा. त्यांच्यावर शिल्पकाराच्या नावाची पाटी नाही.