काळजावरची दुसरी शस्त्रक्रिया

आपल्या मराठीत काळीज फार वेळा तुटते, फाटते, त्याचे पाणी पाणी होते. कवी ते हवे तितक्या वेळा तोडतात आणि सांधतात. सर्जनला ही मोकळीक नसते. एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडायची म्हटली की मुरलेला सर्जनही दहादा विचार करतो. त्या दुसऱ्या वेळेची ही हकिकत.

मिरज हे डॉक्टरांचे गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारले आणि लांबलांबून माणसे येऊ लागली. याच मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत त्यांच्या छातीत कळ आली. एका लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच पैगंबरवासी झाले. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्या काळी बायपास जगात कुठेच नव्हती.

१९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदयाचे काम यंत्रावर सोपवून हृदयातले छिद्र बुजवले. १९६७ साली क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी मांडीची शीर काढून ती हृदयाच्या धमनीला जोडली. बायपास रुळली ती तिथून. पण शीर ही संथ प्रवाहाची नळी. धमनीचा जोर तिला कायमचा सोसत नाही. दहा वर्षांत अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद पडतात. छातीच्या आतल्या बाजूची धमनी जोडली तर ती जास्त टिकते, हे १९८६ सालापर्यंत स्पष्ट झाले.

मग दुसरी शस्त्रक्रिया. पहिल्या वेळी छातीचे हाड कापून तारेने शिवलेले असते. जखम भरताना हृदय त्या हाडाला आतून चिकटते. करवत जरा खोल गेली तर हृदयच फाटायचे. चांगल्या शिराही आधीच वापरलेल्या असतात. तरीही हे साधते. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली ब्रिटनमध्ये झाली. पंतप्रधान असताना, २४ जानेवारी २००९ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा केली. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला ते नव्हते. मे महिन्यात मात्र त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. २०२४ च्या डिसेंबरात, ९२ व्या वर्षी ते गेले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ सोळा वर्षे!

गरिबाघरची दुसरी शस्त्रक्रिया बहुधा झडपेची असते. लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, सांधे धरतात आणि हृदयाची झडप आकसते. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या काळात अशा झडपा मोकळ्या केल्या जाऊ लागल्या. साताऱ्याकडचे गिरणी कामगार राहत त्या परळ-लालबागच्या चाळी तिथून हाकेवर. हृदयात बोट घालून झडप उघडायची, अशी ती रीत. काही वर्षांनी ती पुन्हा आकसे. मग झडप बदलणे आले. १९९० साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची देशी झडप प्रथम बसवली गेली आणि परदेशी झडपेला स्वस्त पर्याय मिळाला.

शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी राज्याची योजना आहे. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. फुल्यांचे मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातले कटगुण. पण ऑपरेशनचा खर्च भागला तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घरीच घ्यायची असते. तिच्यासाठी रक्त वरचेवर तपासावे लागते. जत किंवा माणमधल्या बाईला त्यापायी एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी मोडावी लागते. "आता बरं वाटतंय" म्हणून ती गोळी सोडते आणि धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. सांध्यांच्या तापाच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. तेही वर्षा-दोन वर्षांत बंद पडते. बायपास झालेला गडी तंबाखूची चंची पुन्हा सोडतो.

तेव्हा घरात कोणाची छाती एकदा उघडली गेली असेल, तर आज एवढेच विचारा : गोळी घेतली का? तपासणीची तारीख कधी आहे? आणि त्या तारखेला त्यांच्यासोबत जा.