देहूभोवतीचे तीन डोंगर

इंद्रायणीकाठच्या देहूभोवती एकांतवासाचे तीन डोंगर आहेत. घोराडेश्वर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे, भंडारा सुदुंबऱ्याच्या बाजूला आणि भामचंद्र चाकणच्या अंगाला, शिंदे-वासुली गावांवर. तिन्ही डोंगरांवर खडकात कोरलेली लेणी आहेत. माणसांपासून दूर राहायला इथे येणाऱ्यांची परंपरा संत तुकारामांच्या, म्हणजे तुकोबांच्याही कितीतरी आधीची.

घोराडेश्वरची लेणी बौद्ध आहेत. अभ्यासक त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणूनही ओळखतात. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहावे, असा संघाचा नियम होता. त्या वर्षावासासाठी सह्याद्रीत विहार कोरले गेले. त्यांची रचना साधी असे: मधे मोकळी जागा, कडेने एकेका माणसापुरत्या खोल्या आणि बाहेर पावसाचे पाणी साठवणारे टाके. शेलारवाडीच्या एका ब्राह्मी लेखात लेण्याचे दान नोंदवले आहे. ते देणारी राणी नव्हती की व्यापाऱ्याची बायको नव्हती. ती धेनुकाकट नावाच्या ठिकाणी राहणाऱ्या एका शेतकऱ्याची पत्नी होती. भिक्षूंनी घर सोडले, पण त्यांच्या डोक्यावरचे छप्पर नांगर धरणाऱ्या कुटुंबाच्या पैशातून उभे राहिले. लेणीही निर्मनुष्य रानात नव्हती. घाटाकडे जाणाऱ्या वाटांपासून आणि भिक्षेच्या गावांपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर होती.

सतराव्या शतकात हेच डोंगर तुकारामांच्या चरित्रात येतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला. पहिली पत्नी आणि मुलगा गेले. त्यानंतर ते भामचंद्रावर जाऊन बसले. गाथेतल्या एका अभंगात या पंधरा दिवसांच्या मुक्कामाचे वर्णन आहे आणि त्यात साप, विंचू आणि वाघ यांनी दिलेल्या त्रासाचाही उल्लेख आहे. आज कंपन्यांच्या बस जातात त्या पट्ट्याच्या डोक्यावर तेव्हा असे रान होते. धाकटे बंधू कान्होबा शोधत आले, तेव्हा हा मुक्काम संपला. पुढे घराण्याच्या कर्जखतांची वाटणी झाली आणि तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला, असे परंपरा सांगते.

भंडाऱ्यावरचा एकांत वेगळ्या जातीचा होता. तिथे ते देहूहून जात-येत आणि दुसऱ्या पत्नी जिजाबाई भाकरी घेऊन डोंगर चढत. त्यांच्या पायात काटा मोडला आणि तो विठ्ठलाने काढला, ही कथा या वाटेवरचीच. एकांतवासाच्या कथांमध्ये जेवण कोणी पोहोचवले, हे बहुधा सांगायचे राहून जाते. इथल्या लोकस्मृतीत मात्र जिजाबाई, त्यांची भाकरी आणि त्यांचा त्रागा ठळकपणे टिकला आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे मूळचे चाकणचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्यात, भंडाऱ्याच्या पायथ्याजवळ आहे.

तुकोबांनंतर वारकरी साधकांनी ही वहिवाट चालू ठेवली. भामचंद्राच्या गुहांत राहून गाथा आणि ज्ञानेश्वरीचा अभ्यास करायचा, आणि पायथ्याच्या गावांत माधुकरी मागून पोट भरायचे, असा त्यांचा क्रम. त्यामुळे गावात पीक किती आले, यावर डोंगरावरची चूलही अवलंबून राहिली.

या गावांचे रूप विसाव्या शतकात पालटले. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, 1982 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि पुढे वाहन उद्योगाने चाकणची शेती व्यापली. शिंदे-वासुलीत डाऊ केमिकल्सला संशोधन केंद्रासाठी जमीन मिळाली, तेव्हा ग्रामस्थ आणि वारकऱ्यांनी विरोध केला. सुधा नदीतून रसायने इंद्रायणीत उतरतील आणि भामचंद्राचे पावित्र्य जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. भोपाळच्या दुर्घटनेची आठवणही या विरोधामागे होती. ती दुर्घटना जिच्या कारखान्यात घडली, ती युनियन कार्बाइड कंपनी 2001 मध्ये डाऊच्या ताब्यात गेली होती. 2008 मध्ये बांधकामाची जाळपोळ झाली आणि अखेर कंपनीने ती जागा सोडली.

भामचंद्र आता राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे लेण्यांजवळच्या खोदकामाला आणि बांधकामाला कायद्याने मर्यादा आली. पायथ्याची बहुतेक जमीन मात्र औद्योगिक पट्ट्यात गेली आहे.