महाराष्ट्र राज्याची जडणघडण आणि प्रादेशिक समतोलाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. या घटनेचे वर्णन सामान्यतः मराठी भाषकांच्या ऐक्याचा विजय असे केले जाते आणि ते योग्यच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक व्यक्तींनी प्राणार्पण केले. भाषेच्या आधारावर एका समाजाने आपले राज्य मिळविल्याचा हा इतिहास आहे. परंतु या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. जे प्रदेश १९६० मध्ये एकत्र आले, ते त्यापूर्वी शतकाहून अधिक काळ वेगवेगळ्या राजवटींखाली वाढले होते. त्यांची महसूल व्यवस्था, शिक्षणाचे माध्यम, न्यायव्यवस्था आणि दळणवळण यांत मोठा फरक होता. म्हणूनच त्यांचे एकत्रीकरण केवळ भाषिक भावनेवर नव्हे, तर काही लेखी आश्वासनांवरही आधारलेले होते. प्रादेशिक समतोल हा शासनाने मागास भागांवर करावयाचा अनुग्रह नसून राज्यनिर्मितीच्या वेळी मान्य झालेली अट होती, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भौगोलिक रचना आणि लोकजीवन

३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ असलेल्या या राज्याचे नैसर्गिक विभाग सह्याद्रीने ठरविले आहेत. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे या पर्वतरांगेला अडतात. त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर मुबलक पाऊस पडतो. मात्र घाट ओलांडून पूर्वेकडे गेल्यावर थोड्याच अंतरात पावसाचे प्रमाण पाच-सहाशे मिलिमीटरपर्यंत खाली येते. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हे तालुके या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. पूर्व विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो. राज्याचा बहुतांश भूभाग बेसॉल्ट खडकाचा असला, तरी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्याहून प्राचीन खडक आढळतात. राज्यातील कोळसा, मँगनीज व लोहखनिज यांचे मोठे साठे विदर्भात असून वनसंपत्तीही प्रामुख्याने याच भागात आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. मराठी ही सर्वांना जोडणारी भाषा असली, तरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशी तिची अनेक रूपे लोकव्यवहारात आहेत. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया गोंड, यवतमाळकडील कोलाम, सातपुड्यातील भिल्ल व पावरा, ठाणे-पालघरमधील वारली आणि रायगडमधील कातकरी यांचे जीवन तर मुख्य प्रवाहातील मराठी समाजापेक्षा बरेच निराळे आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. निसर्गाने केलेले संपत्तीचे वाटप आणि आजच्या विकासाचा नकाशा हे परस्परांशी जुळत नाहीत. खनिजे, जंगल व पाऊस असलेला गडचिरोली जिल्हा मागास राहिला, तर पर्जन्यछायेच्या प्रदेशाला लागून असलेल्या नीरा व प्रवरा खोऱ्यांत कालव्यांच्या पाण्यावर ऊस आणि त्यापाठोपाठ सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. यावरून विकासातील तफावतीचे मूळ केवळ भूगोलात शोधता येत नाही, हे उघड होते. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

तीन राजवटींचा वारसा

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग मुंबई इलाख्यात गेला. येथे रयतवारी पद्धत रुजली. शेतकरी थेट सरकारला सारा भरू लागला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, तर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये आणि भाटघरचे धरण त्यानंतर दोनच वर्षांत पूर्ण झाले. दुष्काळ निवारणाच्या हेतूने आखलेल्या या सिंचन योजनांचा लाभ स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी चळवळीला झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तो याच भूमीत.

विदर्भाचा इतिहास मुळातच दुहेरी आहे. वऱ्हाडचा कारभार १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आला. १९०२ मध्ये हा प्रदेश कायम भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. नागपूरचे भोसले संस्थान मात्र १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर हे मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण बनले. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आली, तर नागपूरकडे मालगुजारी रूढ झाली. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये, विद्यापीठ १९२३ मध्ये आणि उच्च न्यायालय १९३६ मध्ये अशा संस्था नागपुरात उभ्या राहिल्या. १९५६ पर्यंत नागपूर हे एका मोठ्या प्रांताच्या राजधानीचे शहर होते. महाराष्ट्रात येताना विदर्भ काहीतरी गमावून आला, ही भावना समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

मराठवाड्याची स्थिती याहून वेगळी होती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जहागिऱ्या आणि निजामाची खाजगी मालमत्ता असलेला सर्फेखास प्रदेश यांमुळे येथील जमीनव्यवस्था गुंतागुंतीची बनली होती. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ज्या मुलाची मातृभाषा मराठी, त्याच्यापुढे शिक्षणाचा मार्ग आरंभीच अरुंद होत असे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा आणि त्यानंतरची पोलीस कारवाई यांमुळे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये. मुंबई आणि मराठवाडा यांच्या विद्यापीठीय शिक्षणात पडलेले हे शंभर वर्षांचे अंतर कोणत्याही एका योजनेने भरून निघणे शक्य नव्हते.

एकत्रीकरण आणि लेखी आश्वासने

१९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप आले. मात्र या मागणीबरोबरच विदर्भाच्या भवितव्याविषयीची वाटाघाट सुरू झाली, हे विसरता येत नाही. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार हा तिचा पहिला टप्पा होय. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा टप्पा ठरला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. विकासनिधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करावे व मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे. शासकीय नोकऱ्यांत सर्व भागांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईला व दुसरे पीठ नागपूरला असावे. विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला व्हावे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात मुंबईचे द्विभाषिक राज्य आणि आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य अशी शिफारस केली. केंद्राने ती त्या स्वरूपात स्वीकारली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांचा समावेश असलेले विशाल द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण झाले. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) ची तरतूद झाली. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासखर्चाच्या निधीचे समन्यायी वाटप आणि तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व शासकीय सेवा यांत पुरेशी संधी या बाबतींत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपविण्याचा अधिकार या तरतुदीने राष्ट्रपतींना मिळाला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाल्यानंतरही महाराष्ट्रासाठी ही तरतूद कायम राहिली. नागपूर करार हा नेत्यांमधील समझोता होता; अनुच्छेद ३७१ (२) मुळे त्या समझोत्याच्या आशयाला संविधानाचे अधिष्ठान मिळाले.

आश्वासनांची अंमलबजावणी

या आश्वासनांपैकी दिसण्याजोगी आश्वासने लवकर पूर्ण झाली. नागपूरचे अधिवेशन १९६० पासून सुरू झाले, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले आणि १९८१ पासून औरंगाबादलाही न्यायपीठाचे कामकाज सुरू झाले. निधीच्या वाटपाचे आश्वासन मात्र मागे पडले. १९७४ मध्ये मराठवाड्यात विकास आंदोलन उभे राहिले. अखेर १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. जिल्हा हा घटक आणि राज्याची सरासरी हा निकष धरून समितीने १९८४ मध्ये एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी रुपये होता. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात रूढ झाला.

विकास मंडळे स्थापण्याची मागणी करणारा ठराव विधिमंडळाने १९८४ मध्येच केला. तथापि राष्ट्रपतींचा आदेश निघण्यास १९९४ साल उजाडले. संविधानातील तरतूद १९५६ ची आणि तिचा प्रत्यक्ष वापर १९९४ मध्ये, असा हा अडतीस वर्षांचा विलंब होय. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर आधारित १४,००६.७७ कोटी रुपयांचा सुधारित अनुशेष २००० मध्ये निश्चित केला आणि राज्यपालांनी निधीवाटपाबाबत निर्देश देण्यास प्रारंभ केला. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल सादर केला. विकास मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० रोजी संपुष्टात आली. त्यांच्या पुनर्रचनेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला.

या घटनाक्रमातून दोन मर्यादा स्पष्ट होतात. पहिली मर्यादा तरतुदीच्या शब्दरचनेतच आहे. अनुच्छेद ३७१ (२) राष्ट्रपतींना आदेश काढण्याचा अधिकार देतो, त्यांच्यावर बंधन घालत नाही. त्यामुळे मंडळांची स्थापना आणि मुदतवाढ या दोन्ही गोष्टी त्या त्या वेळच्या राजकीय इच्छाशक्तीवर अवलंबून राहिल्या.

दुसरी मर्यादा ‘उर्वरित महाराष्ट्र’ या संज्ञेत आहे. मुंबई, पुणे आणि कोल्हापूर ज्या विभागात येतात, त्याच विभागात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुकेही येतात. दांडेकर समितीने दाखविलेल्या अनुशेषात या ‘प्रगत’ विभागाचा वाटा ३७ टक्क्यांहून अधिक होता, हे या संदर्भात बोलके आहे. विभागाची सरासरी काढली की मुंबईच्या उत्पन्नाखाली सातपुड्यातील दारिद्र्य झाकले जाते. विदर्भातही नागपूर शहर आणि गडचिरोलीतील भामरागड यांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून विभाग किंवा जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक मानण्याचा विचार पुढे आला, तो अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

समारोप

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल हा निसर्गनिर्मित नाही, तसाच तो एखाद्या प्रदेशातील लोकांच्या उदासीनतेचाही परिणाम नाही. तीन भिन्न राजवटींनी दिलेल्या असमान आरंभाचे हे फलित आहे आणि १९५३ व १९५६ मध्ये राज्यकर्त्यांना त्याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच ती आश्वासने लिहून ठेवण्यात आली. भाषेने हे प्रदेश एकत्र आणले; परंतु त्यांना एकत्र ठेवण्यासाठी दिलेले वचन अंशतःच पाळले गेले. स्वतंत्र विदर्भाची मागणी पुन्हा पुन्हा का उठते, याचे एक उत्तर या अपूर्ण वचनात सापडते. त्या मागणीचे समर्थन किंवा विरोध करण्यापूर्वी नागपूर करार आणि अनुच्छेद ३७१ (२) यांचा हिशेब मांडला गेला पाहिजे. राज्याचे ऐक्य टिकवावयाचे असेल, तर समतोल विकास ही राजकीय सोयीची बाब न राहता शासनाची कायमस्वरूपी व उत्तरदायी जबाबदारी बनणे आवश्यक आहे.