एक सुई ते अनेक सुया

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. वर्षभर आपल्या बैठकींत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. मंडळाचा शिवणवर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा? तयार कपडे स्वस्त मिळतात, एका वेळी वीस ब्लाऊजांवर भरतकाम करणारी यंत्रे आली आहेत, मग मुलींनी हाताने साखळी टाका शिकायचा कशासाठी, असे काही भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सुई आणि यंत्र यांचा हा वाद आजकालचा नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षे झाली. तो इतिहास एकदा डोळ्यांखालून घातला, तर आपला निर्णय करणे सोपे जाईल, म्हणून हा लेख.

माणूस हजारो वर्षे सुईने शिवत आला. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. त्यामुळे प्रत्येक टाक्याला सबंध सुई कापडातून आरपार काढावी लागते आणि मागून सगळा दोरा ओढावा लागतो. हाताला हे सहज जमते, पण यंत्राला जमेना. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिये या गरीब शिंप्याने निराळी वाट काढली. त्याने आकड्याची सुई घेतली, आपल्याकडे आरी असते तशी, आणि लाकडी यंत्रावर साखळी टाका घालून दाखवला. १८३० साली त्याला पेटंट मिळाले. पॅरिसमध्ये अशी सुमारे ८० यंत्रे मांडून सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना निघाला. आपल्या पोटावर पाय येणार या भीतीने १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने तो कारखाना फोडला. तिमोनिये पुढेही यंत्रे सुधारत राहिला, पण १८५७ साली वारला तो दारिद्र्यातच.

त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या कारागिराने दोन दोऱ्यांचे यंत्र केले. सुईचे नेढे टोकाशी आणले, की सुई कापडात अर्धी उतरली तरी पुरे. खाली दोऱ्याचा फास पडतो आणि त्या फासातून दुसरा दोरा गेला की टीप पक्की बसते. ही युक्ती त्याला १८३४ च्या आसपास साधली होती. पण त्याने पेटंट घेतले नाही. असे सांगतात, की या यंत्रावर धंदा काढावा असे त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला सुचवले, तेव्हा शिवणावर पोट भरणाऱ्या बायकांचे काम जाईल असे म्हणून तिने नकार दिला. आपण रोज वापरतो ती सेफ्टी पिन याच हंटने १८४९ साली काढली आणि तिचे हक्क ४०० डॉलरना विकून टाकले. त्या मुलीचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. यंत्र कितीही हुशार असो, त्याने कोणाचे काम जाते हे पाहणारे घरात कोणीतरी असावे लागते.

पण एकाने नाकारल्यामुळे यंत्र थांबत नाही. एलायस हाउ याने १८४६ साली टोकाशी नेढे असलेल्या सुईच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या आदल्या वर्षी बोस्टन शहरात त्याने पाच शिवणकाम करणाऱ्या बायकांशी पैज लावून आपले यंत्र जिंकून दाखवले. तरी गिऱ्हाईक मिळेना. नशीब काढायला तो इंग्लंडला गेला आणि १८४९ साली हात हलवीत परतला, तेव्हा त्याची पत्नी एलिझाबेथ अखेरच्या आजारात होती. पैसा पुढे आला, कोर्टकचेऱ्या जिंकल्यावर. १८५१ साली आयझॅक सिंगर याने सरळ उभी सुई आणि पायाने चालणारी मांडणी असलेले यंत्र आणले. १८५६ पासून त्याच्या कंपनीने ते हप्त्याने विकायला सुरुवात केली. पायमशीन सामान्य घरात आली ती या हप्त्यामुळे.

आता यातील एक महत्त्वाचा भाग समजावून घेऊ. सुरुवातीच्या यंत्रांत खालचा धोटा विणकराच्या धोट्याप्रमाणे मागेपुढे धावत असे. जाताना काम होई, थांबून परत यायला वेळ जाई, आणि धडधड फार होई. ॲलन विल्सन या अमेरिकन कारागिराने १८५१ साली गोल फिरणाऱ्या आकड्याचे पेटंट घेतले. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा दोऱ्याचा बारीक फास सुटतो. फिरता आकडा तो फास टोकात पकडतो, बॉबिनभोवती फिरवून आणतो आणि सोडून देतो. वरचा दोरा ओढला जातो आणि टाका बसतो. चाक एकाच दिशेने फिरत राहते, म्हणून वेग वाढला आणि आवाज कमी झाला. आपल्या घरच्या काळ्या मशीनमधले शटल अर्धा फेरा घेऊन परत फिरते. कारखान्यातला आकडा मात्र पुरता फिरतो, बहुतेक यंत्रांत एका टाक्याला दोन फेरे. विश्वास बसत नसेल तर बॉबिनचे झाकण सरकवून, चाक हाताने हळूहळू फिरवून पाहा. पुस्तकात वाचण्यापेक्षा ते लवकर कळते.

विल्सनच्या कंपनीने १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेला एक हिशेब आहे. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे. आकडे विकणाऱ्याचेच आहेत, तेव्हा थोडी वजावट करून घ्यावी. तरी फरक मोठा राहतो. पण उरलेले तेरा तास बाईला विश्रांतीसाठी मिळाले का? ज्या बाया मजुरीवर शिवत, त्यांना सदऱ्यामागे मिळणारे पैसे कमी झाले आणि दिवस होता तेवढाच लांब राहिला. यंत्राने वेळ वाचवला, पण तो कोणाच्या खात्यात जमा झाला, ते यंत्र कोणाच्या मालकीचे यावर ठरले.

हीच गोष्ट भरतकामात अधिक स्पष्ट दिसते. फ्रान्समधील म्यूलूझ गावच्या जोझुए हाइलमान याने १८२८ साली एकदम अनेक सुयांनी भरणारे यंत्र बनवले. सुईला दोन्ही बाजूंना टोके आणि नेढे मधोमध. कापड चौकटीत ताणलेले, त्याच्या दोन्ही अंगांना चिमट्यांच्या रांगा. एका बाजूचे चिमटे सुया पार करीत आणि दुसऱ्या बाजूचे ओढून घेत. यंत्रावर बसलेला माणूस मोठ्या आकारात काढलेल्या नक्षीवरून एक दांडा फिरवी आणि त्याबरहुकूम सबंध चौकट हले. त्याने एक बुट्टा भरला की साऱ्या रांगेत तोच बुट्टा उमटे. पुढे या यंत्रांवर तीनशेच्या वर सुया असत.

ही यंत्रे स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन शहरात गेली. तेथे बायकांचे हाताचे भरतकाम आधीपासून नावाजलेले होते. १८५० नंतर यंत्र सुधारले आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत पसरले. पण तीनशे सुयांत दोरा ओवायचा कोणी? दोरा हातभराच्या थोडा वर, तो संपला की पुन्हा सगळ्या सुया ओवायच्या. हे काम बायका आणि मुले करीत. १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये कायदा झाला, की चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घ्यायचे नाही. कायदा चांगला होता, पण तो कारखान्यापुरता होता. घराला तो लागू नव्हता. यंत्रे घराघरांत येत गेली, बाप यंत्रावर बसे आणि आई व मुले शाळेआधी, शाळेनंतर आणि रात्री दिव्याच्या उजेडात सुया ओवीत. आपल्याकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची आणि त्यांच्या मुलांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच भागातल्या इझाक ग्रेब्ली याने १८६३ साली मोठा पल्ला गाठला. शिवणयंत्राची युक्ती त्याने भरतकामाला लावली. टोकाशी नेढे असलेल्या सुया पुढून, आणि मागे प्रत्येक सुईसाठी एक छोटा धोटा. दोरा रिळावरून अखंड येऊ लागला, घडोघडी ओवणे संपले. धोट्याचा आकार होडीसारखा, म्हणून त्या बोलीत त्याचे नाव ‘शिफ्ली’ पडले, म्हणजे लहानशी होडी. ज्या भोकाभोकांच्या नक्षीच्या सुती कापडाला आपण दुकानात हकोबा म्हणून मागतो, ते याच जातीच्या यंत्रावर होते. पुढे १८९८ च्या सुमारास ग्रेब्लीच्या मुलाने आणखी सुधारणा केली. नक्षीवरून दांडा फिरवणारा माणूसही काढून टाकला आणि त्याच्या जागी भोके पाडलेली कागदी पट्टी बसवली. भोकांप्रमाणे चौकट आपोआप हलू लागली. अशी पट्टी जाकारच्या हातमागावर जवळपास शंभर वर्षे आधी आली होती, ती आता सुईकडे आली.

१९१० च्या सुमारास जगातले जवळजवळ निम्मे भरतकाम सांक्ट गालेनच्या परिसरातून जात होते आणि भरतकाम ही त्या देशाची सर्वांत मोठी निर्यात होती. चार वर्षांत महायुद्ध पेटले. बाजार बंद पडले, युद्धानंतर बायकांचे पोशाख साधे झाले आणि लेसची मागणी गेली. कर्ज काढून घेतलेली यंत्रे घराघरांत गप्प उभी राहिली. १९२० नंतरच्या दशकात जादा यंत्रे मोडीत काढण्यासाठी तेथे मालकांना पैसे द्यावे लागले. एकाच मालावर सगळ्या गावाने पोट बांधले, की काय होते ते यावरून दिसते.

आजचे यंत्र जपानमधून आले. ताजिमा या कंपनीने १९६४ साली अनेक डोक्यांचे स्वयंचलित भरतकामयंत्र बाजारात आणले. एका लांब दांड्यावर ओळीने डोकी, प्रत्येक डोक्यात नऊ, बारा किंवा पंधरा सुया, आणि प्रत्येक डोक्याखाली विल्सनने काढला त्याच जातीचा फिरता आकडा. सुया अनेक असतात त्या निरनिराळ्या रंगांसाठी. एका वेळी डोक्यातली एकच सुई काम करते, रंग बदलायचा झाला की सुयांची पेटी सरकते. वीस डोकी आणि नऊ सुया धरल्या तर १८० सुया होतात, पण टाके घालीत असतात वीसच. मिनिटाला आठशे ते हजार टाके पडतात. दोरा तुटला की यंत्र आपण होऊन थांबते. कागदी पट्टी जाऊन तिच्या जागी संगणक आला, तरी नक्षी यंत्राला समजेल अशी मांडण्याच्या कामाला या धंद्यात अजून ‘पंचिंग’ म्हणतात, म्हणजे भोके पाडणे. आपल्याला जवळच्या सुरत शहरात साड्यांवर अशा यंत्रांचे काम फार मोठ्या प्रमाणावर चालते.

आपल्याकडे शिवणयंत्राचे स्वागत झाले ते निराळ्या कारणाने. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन निघाले. तेथे विधवा व गरजू स्त्रियांना इतर विद्यांबरोबर शिवणही शिकवत, कारण घराबाहेर न पडता सन्मानाने चार पैसे मिळवण्याचा तो मार्ग होता. १९२४ साली महात्मा गांधींना यंत्रांविषयी विचारले असता, यंत्रांना विरोध असूनही शिवणयंत्र त्यांनी अपवाद म्हणून मान्य केले. माणसाचे कष्ट हलके करणारे आणि माणसाच्या हाताखाली राहणारे यंत्र त्यांना चालत होते.

आता आपल्या शिवणवर्गाकडे वळते. माझे मत असे, की वर्ग बंद करू नये, पण आहे तसाही ठेवू नये. वीस डोक्यांच्या यंत्राशी वेगात स्पर्धा करायला मुलींना शिकवणे म्हणजे त्यांना फसवणे होईल. साधे बुट्टे यंत्र करील, त्याला ते करू द्यावे. पण अंगाचे माप घेणे, बेतणे, जुने उसवून नवे बसवणे, म्हाताऱ्या माणसाला हात वर न करता घालता येईल असे झबले शिवणे, हे ते यंत्र करत नाही. आरीच्या कामाच्या ब्लाऊजला आज यंत्राच्या कामाहून अधिक पैसे मोजणारी गिऱ्हाइके आपल्याच गल्लीत आहेत. तिमोनियेची साखळी याच आरीची होती हे मुलींना सांगितले पाहिजे. आणि ज्या मुलीला हाताने टाका घालता येतो, तिने पंचिंगही शिकावे. साटीन टाका कोठे घट्ट आणि कोठे सैल घ्यायचा, कापड कोठे चुणेल, हे हाताला ठाऊक असले तर संगणकावर नक्षी मांडताना चूक होत नाही. यासाठी मंडळाने एक संगणक घ्यावा आणि दोन मुलींना बाहेर शिकायला पाठवावे, असे मी सुचवते.

दुसरी सूचना मालकीची. सांक्ट गालेनच्या घरात यंत्र होते, पण माल, भाव आणि बाजार व्यापाऱ्याच्या हाती होता. पुढेमागे आपल्या मंडळाने लहानसे चार डोक्यांचे यंत्र घ्यायचे ठरवले, तर ते भगिनींच्या वर्गणीतून, सर्वांच्या मालकीचे असावे. मजुरीचा दर फळ्यावर लिहिलेला असावा. शाळेत जाणारे मूल त्या खोलीत कामाला दिसता कामा नये. आणि एकाच व्यापाऱ्याच्या कामावर अवलंबून राहू नये.

यंत्र येणारच. तिमोनियेची यंत्रे मोडून शिंप्यांचे काम राहिले नाही, आणि हंटच्या मुलीने नको म्हटल्याने शिवणयंत्र यायचे थांबले नाही. पण त्या मुलीने जो प्रश्न विचारला तो आपण विचारायचे सोडू नये. सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा भगिनींनी आपापले मत मोकळेपणाने मांडावे, एवढी विनंती करून लेख पुरा करते.