आनंदवनातली भाजी

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सध्या 'वूफिंग'चं खूळ आहे. सुट्टी काढून एखाद्या शेतावर जायचं, रोज काही तास तण उपटायचं, वाफ्यांना पाणी द्यायचं. बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कॉपर्ड यांनी १९७१ मध्ये हे सुरू केलं. मुलुंडच्या आमच्या खिडकीत जेमतेम चार कुंड्या मावतात, त्यामुळे ओढ समजते.

पण पाहुण्याने यजमानाकडे राबण्याची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट त्याच्याही आधीची, वरोऱ्याची आहे.

१९५१ मध्ये बाबा आणि साधनाताई आमटे वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. विहीर खणली, भाजी पिकवली. ती खाऊन उरायला लागली आणि पेच तिथेच पडला. कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी गावात कोण घेणार? बाबा कलकत्त्याला कुष्ठरोगाचा अभ्यास करून आले होते, पण बाजाराला शास्त्र कुठे पटतं!

मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आले. ही चळवळ पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरची (हे मी ऑफिसात मुद्दाम सांगतो). १९२० मध्ये व्हर्दनजवळच्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात ती सुरू झाली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारमध्ये येऊन राबला होता. आनंदवनात या तरुणांचं काम मळ्यातलं कमी, बांधकामाचं जास्त. पण ते तिथेच राहिले, तिथलीच भाजी जेवले. गावाने ते पाहिलं आणि हळूहळू भाजी खपू लागली.

मला टोचतं ते हे, की साधनाताई आणि त्यांची लहान मुलं तेच अन्न आधीपासून खात होती. ते कुणी धरलंच नाही. परक्या पाहुण्यांचं ताट मात्र लगेच दिसलं. तरी पाहुण्यांचं मोल कमी होत नाही. खणायला, रचायला आनंदवनात हात होते, नव्हता तो बाहेरून येऊन सोबत जेवणारा माणूस.

साठच्या दशकाच्या अखेरीस बाबांनी मूलजवळच्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात. यजमान तेच: कुष्ठरोगातून बरे झालेले शेतकरी.