दोन भाऊ, एक हॉटेल आणि अस्सल चवीचा इतिहास

'बिग नाइट' हा १९९६ सालचा अमेरिकन सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बी.एड. करत होतो. होस्टेलवरच्या एका मित्राने कुठून तरी सीडी आणली होती. सिनेमा संपल्यावर आम्ही दोघे जवळजवळ भांडलोच. त्यातल्या दोन भावांपैकी बरोबर कोण, यावरून. मी थोरल्या भावाच्या बाजूने होतो आणि बरीच वर्षं तसाच राहिलो. गेल्या महिन्यात सिनेमा परत पाहिला आणि माझी बाजू तपासून घ्यावीशी वाटली. त्याला कारण माझ्या वर्गात घडलेली एक छोटी गोष्ट आहे. ती शेवटी सांगतो. आधी सिनेमा आणि त्याच्या मागचा इतिहास.

काळ १९५० च्या दशकातला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, समुद्रकिनाऱ्याजवळच्या गावात इटलीहून आलेले दोन भाऊ 'पॅराडाइज' नावाचं छोटं हॉटेल चालवतात. थोरला प्रिमो स्वयंपाकघर बघतो, धाकटा सेकोंदो गल्ला आणि गिऱ्हाईक. या नावांचा अर्थच पहिला आणि दुसरा. प्रिमोच्या हाताला अशी चव आहे की खाणाऱ्याने डोळे मिटावेत. पण खाणारेच येत नाहीत. बँकेचं कर्ज थकलं आहे.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. एक बाई रिसोट्टो मागवते. रिसोट्टो म्हणजे थोडा थोडा रस्सा घालत, ढवळत शिजवलेला भात. त्याला वेळ लागतो. बाई वाट पाहून वैतागते. शेवटी ताट आल्यावर ती सोबत स्पॅगेटीही मागते आणि स्पॅगेटीवर मांसाचे गोळे, म्हणजे मीटबॉल नाहीत हे कळल्यावर आणखी हिरमुसते. भातासोबत शेवया खाण्यासारखाच हा प्रकार. आत प्रिमोचा पारा चढतो. त्याला ही बाई अडाणी वाटते आणि तिच्यासाठी भांडं चढवणं हा गुन्हा वाटतो. सेकोंदो म्हणतो, ती गिऱ्हाईक आहे, जे मागते ते दे.

रस्त्याच्या पलीकडे पास्कालचं हॉटेल आहे. तोही इटालियनच. त्याच्याकडे रोज गर्दी, गाणं-बजावणं आणि ताटं भरभरून मीटबॉल घातलेली स्पॅगेटी. प्रिमोच्या लेखी हा माणूस स्वयंपाकाचा खून करतो. पास्काल सेकोंदोला समजावतो, लोकांना आधी त्यांना हवं ते दे, मग तुला हवं ते देता येईल. तोच असंही सांगतो की प्रसिद्ध गायक लुई प्रिमा आपला मित्र आहे, त्याला तुमच्याकडे जेवायला पाठवतो. दोघे भाऊ उरलासुरला पैसा त्या एका रात्रीच्या मेजवानीत ओततात. लुई प्रिमा येत नाही. त्याला कोणी बोलावलेलंच नव्हतं. भावांचं हॉटेल बुडावं आणि दोघे आपल्याकडे कामाला यावेत, एवढाच पास्कालचा डाव.

बी.एड.च्या दिवसांत मला हे सगळं सोपं वाटलं होतं. प्रिमो म्हणजे अस्सल, पास्काल म्हणजे भेसळ. पुढे या स्थलांतराचा इतिहास वाचत गेलो तसतसं हे सोपेपण टिकेना.

पहिला प्रश्न: स्पॅगेटीवर मीटबॉल घातले कोणी? साधारण १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक सगळे दक्षिणेकडचे, म्हणजे नेपल्सच्या आसपासचे, कॅलाब्रियाचे, सिसिलीचे. भूमिहीन शेतमजूर, नाहीतर तुकडाभर जमिनीवर जगणारे. इटली एक देश झाला तोच १८६१ साली. या लोकांना आपण 'इटालियन' आहोत हे धड ठाऊकही नव्हतं. गावची बोली हीच त्यांची भाषा आणि गाव हाच त्यांचा देश. घरचं जेवण म्हणजे भाकरीसारखा जाड पाव, कडधान्यं, रानातला पाला. मांस सणासुदीला मिळालं तर मिळालं. मांस रोज खायचं ते जमीनदाराने.

ही माणसं अमेरिकेत रेल्वेचे रूळ टाकायला, बोगदे खणायला, गिरण्यांत राबायला आली. मजुरी कमीच होती, पण गावाकडच्या मानाने मांस स्वस्त होतं. इटलीत मांसाचे गोळे होते, पण छोटे आणि वेगळ्या ताटात खायचे. इथे बायांनी ते मोठे केले, टोमॅटोच्या रश्शात सोडले आणि स्पॅगेटीवर वाढले. जे गावात जमीनदाराच्या घरी दिसायचं ते इथे दर रविवारी मजुराच्या घरी दिसू लागलं. आपण ज्याला भेसळ म्हणतो, ती पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या माणसांची ईद होती. हे कळल्यावर पास्कालच्या ताटाकडे बघून नाक मुरडणं मला जड जाऊ लागलं.

दुसरा प्रश्न: समोरच्या अमेरिकेने या लोकांना कसं वागवलं? सिनेमात लुई प्रिमाची नुसती वाट पाहिली जाते, पण तो खराखुरा माणूस. जन्म १९१० चा, न्यू ऑर्लिन्स शहरातला, घराणं सिसिलीहून आलेलं. आपल्याकडच्या लोकांनी त्याचा आवाज बहुधा ऐकलेला आहे. डिस्नेच्या १९६७ च्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीला पळवून नेणारा तो माकडांचा राजा लुई, त्याला आवाज याचाच. याच न्यू ऑर्लिन्समध्ये, त्याच्या जन्माच्या १९ वर्षं आधी, मार्च १८९१ मध्ये जमावाने तुरुंग फोडून ११ इटालियनांना ठार मारलं. पोलीसप्रमुखाच्या खुनाचा आरोप होता. खटला चाललेल्यांपैकी एकालाही ज्यूरीने दोषी ठरवलं नव्हतं. जमावाला निकाल मान्य नव्हता, एवढंच. त्या काळातल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी जमावाची पाठ थोपटली.

पुढे १९२४ चा कायदा आला आणि इटलीहून वर्षाला जेमतेम ३,८४५ माणसांना येण्याची मुभा उरली. शहरांतल्या समाजसेविका इटालियन आयांना शिकवत की लसूण कमी करा, सगळं एकत्र शिजवू नका, दूध-बटाटे खा. घरात काय शिजतं यावरून हे लोक किती 'अमेरिकन' झाले ते मोजलं जाई. दुसऱ्या महायुद्धात तर नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन 'शत्रूदेशाचे परके' ठरले. बेसबॉलचा मोठा खेळाडू जो डिमॅजिओ अमेरिकेचा लाडका होता, पण त्याच्या कोळी बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जायची बंदी आली. ठिकठिकाणी पत्रकं लागली की शत्रूची भाषा बोलू नका, अमेरिकन बोला. भाषेचा मास्तर म्हणून मी या पत्रकापाशी बराच वेळ थांबलो.

सिनेमातला काळ यानंतर फार तर दहा-पंधरा वर्षांचा. म्हणजे पास्कालच्या हॉटेलातली ती गाणी, तो भडकपणा, ते हसतमुख 'या या, बसा' हे नुसतं धंद्याचं डोकं नाही. ज्या लोकांना आपली भीती वाटते किंवा किळस येते, त्यांना आधी हसवायचं, मग खाऊ घालायचं, ही जगण्याची युक्ती होती. पियाचेंझाहून आलेल्या एत्तोरे बोयार्दी या आचाऱ्याने १९२० च्या दशकात क्लीव्हलँडला हॉटेल काढलं. लोक त्याचा रस्सा घरी न्यायला मागू लागले, म्हणून तो आधी बाटल्यांत आणि मग डबाबंद विकू लागला. अमेरिकनांना आपलं नाव उच्चारता यावं म्हणून त्याने डब्यावर त्याचं स्पेलिंगच बदललं. 'शेफ बॉयार्डी' हा ब्रँड तो हाच. हात प्रिमोचा आणि हिशेब पास्कालचा, असा हा माणूस. त्याला काय म्हणायचं?

पण म्हणून पास्काल बरोबर, असंही मी म्हणणार नाही. जेवणाशी तडजोड करता करता त्याने माणसांशीही केली. दोन भावांना फसवताना त्याला आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नाही. लोकांना हवं ते देत देत एक दिवस आपल्याला काय हवं होतं तेच आठवेनासं होतं. प्रिमोची भीती हीच आहे आणि ती खोटी नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रिमो ज्याला अस्सल म्हणतो, ते तरी कुठून आलं? त्याच्या रिसोट्टोतला तांदूळ मुळात आशियातला. सिसिलीत तो अरबांनी नेला, असं मानलं जातं. टोमॅटो कोलंबसानंतर अमेरिकेतूनच युरोपात गेला आणि पास्त्यावर तर तो १९व्या शतकात स्थिरावला. खुद्द पास्त्याचंही तसंच. सिसिलीवर ९व्या शतकापासून सुमारे दोनशे वर्षं मुसलमानांची सत्ता होती. ती गेल्यावर नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या पालेर्मोतल्या दरबारात अल्‌-इद्रीसी नावाचा भूगोलतज्ज्ञ होता. ११५४ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात तो पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद करतो. तिथे पाणचक्क्या आहेत, 'इत्रिया' भरपूर बनते आणि ती मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जहाजाने जाते. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या शेवया. दक्षिण इटलीत 'त्रिया' हा शब्द आजही पास्त्यासाठी वापरतात.

हे वाचून आपल्यापैकी कुणाला लगेच 'म्हणजे पास्ता आपलाच!' असं म्हणावंसं वाटेल. कृपया म्हणू नका. पिठाच्या शेवया करण्याची अक्कल जगात एकाच कोणाला सुचली असं नाही. मला सांगायचं आहे ते इतकंच की प्रिमोचं ताट जितकं खरवडावं तितकी वेगवेगळ्या लोकांची बोटं त्यात सापडतात. सिनेमातच पाहा. मेजवानीचा मुख्य पदार्थ 'तिंपानो' म्हणजे कणकेच्या आवरणात पास्ता, अंडी, चीज, सलामी (ती आपल्यासाठी नाही) असं सगळं भरून भाजलेला भलामोठा ढोल. हा पदार्थ सेकोंदोचं काम करणाऱ्या, सिनेमाच्या सहलेखक आणि सहदिग्दर्शक स्टॅनली टुची याच्या घरचा, कॅलाब्रियाहून आलेल्या त्याच्या कुटुंबाच्या सणाचा. त्यांच्या घरच्या कृतीत आत छोटे मीटबॉलही असतात! आणि अस्सलपणासाठी जीव टाकणारा प्रिमो साकारला आहे टोनी शालूब याने, जो लेबनानी कुळातला आहे. ही निवड चुकीची आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही.

आता वर्गातली गोष्ट. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. सातवीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'माझी दादी पहाटे उठून सालन टाकते.' मी लाल पेनाने दादीला गोल करून वर 'आजी' लिहिलं, सालनला गोल करून 'आमटी' लिहिलं. वही परत दिल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दादीला आजी लिहिते. पण आमटी नाही लिहिणार. दादी आमटी करतच नाही, सालनच करते. आमटी लिहिलं तर झूट होईल ना?"

मी तेव्हा "बस खाली" म्हणालो. संध्याकाळी मात्र आठवलं की रिसोट्टोच्या ताटापाशी प्रिमोचा जो चेहरा होता, तो आज माझा होता. आणि मी ज्या शुद्ध मराठीची राखण करत होतो, तिच्यात पेन सोडलं तरी कागद, शाई, दप्तर आणि वकील फारसी-अरबीतूनच आले आहेत. माझी चिंता अगदीच खोटी नव्हती. या मुलांना उद्या मराठीत अर्ज लिहायचे आहेत, परीक्षा द्यायच्या आहेत, मुलाखतीत कोणी हसू नये असं बोलायचं आहे. ते शिकवणं माझं कामच आहे. पण तिच्या दादीच्या चुलीवर आमटी चढवणं माझं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागून घेतली आणि 'आमटी' खोडलं. 'दादी'वरचा गोलही खोडला.

सिनेमाचा शेवट शब्दांशिवाय होतो. रात्री समुद्रकिनाऱ्यावर दोघे भाऊ एकमेकांना नको ते बोलले आहेत, झोंबाझोंबी झाली आहे, हॉटेल गेलंच आहे. सकाळी सेकोंदो स्वयंपाकघरात येऊन अंडी फोडतो, साधं ऑम्लेट करतो आणि त्याचे तीन भाग करतो. एक कामाला असलेल्या पोराला, एक स्वतःला. तिसरा तव्यातच ठेवतो. प्रिमो येतो तेव्हा तो न बोलता त्याच्यापुढे ठेवतो. दोघे शेजारी बसून खातात आणि एकमेकांच्या पाठीवर हात ठेवतात. ते ऑम्लेट इटालियन होतं की अमेरिकन, हे तिथे कोणी विचारत नाही.

त्या जुन्या मित्राला परवा फोन केला. म्हटलं, यार, त्या रात्री तूही पूर्ण बरोबर नव्हतास, पण मीही नव्हतो. तो म्हणाला, कोणत्या रात्री?