मराठी कादंबरीतील अंतर्द्वंद्व आणि निवेदक

सत् आणि असत् यांचा झगडा हा कथावाङ्मयाचा पुरातन विषय होय. परंतु तो दोन व्यक्तींत न होता एकाच व्यक्तीच्या अंतःकरणात व्हावा, ही गोष्ट मराठी कादंबरीत क्रमाक्रमाने घडत आली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीत सज्जन आणि दुर्जन यांची वाटणी आरंभापासूनच झालेली आहे. दुष्टांचे पारिपत्य झाले की कथेचे कार्य संपते. स्वतःच्या मनाशी झुंजण्याचा प्रसंग नायकावर येत नाही.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. तीत यमू आपली कहाणी स्वमुखाने सांगते. आत्मनिवेदनाची ही पद्धती महत्त्वाची खरी. तथापि येथे बोलणारी व्यक्ती अन्याय सोसणारी आहे आणि दुष्टता शंकरमामंजींच्या रूपाने तिच्याबाहेर उभी आहे.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये ही स्थिती पालटते. युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि नाझी राजवटीमुळे परागंदा झालेली ज्यू युवती हॅर्टा यांचे प्रेम जडते. तिला मागे ठेवून तो मुंबईस उतरतो. पुढे ती समुद्रात देहत्याग करते. निवेदक आणि दोषाचा भागीदार येथे एकच आहेत.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) मध्ये पुत्राचे यौवन मागणारा राजाच आपला अधःपात सांगतो. महाभारतातील ययाति सहस्र वर्षे उपभोग घेऊन विरक्त होतो. खांडेकरांचा ययाति ते यौवन अल्पावधीतच परत करण्यास उद्युक्त होतो. उपभोगाचा कंटाळा नव्हे, तर स्वतःच्या कृत्याचे दर्शन त्याला जागे करते. स्टीव्हन्सनने १८८६ साली डॉ. जेकिलच्या दुष्प्रवृत्तीस हाइड हे निराळे रूप दिले होते. चक्रधर व ययाति यांना तशी पळवाट नाही.

मात्र अपराध्याच्या मुखी कथा देण्यात एक धोका असतो. जो बोलतो त्याच्याविषयी वाचकास सहानुभूती वाटू लागते आणि कबुलीलाच क्षमेचे स्वरूप येते. 'रणांगणा'त हॅर्टाची पत्रे आणि 'ययाति'त देवयानी व शर्मिष्ठा यांची स्वतंत्र निवेदने हा तोल सावरतात. म्हणून मराठी कादंबरीतील अंतर्द्वंद्वाचे मूल्यमापन करताना नायकाचा पश्चात्ताप किती उत्कट आहे, एवढेच पाहून भागत नाही. ज्याची हानी झाली त्याला कथेत बोलू दिले आहे काय, हेही पाहावे लागते.